सुखाचं पोट

माझ्या सासरी माणसाची पारख पोटावरून व्हायची. पाहुणा येऊन गेला की सोप्यात पहिली चर्चा त्याच्या पोटाची. "गडी वाळलाय, कायतरी बिनसलंय," असं कुणाबद्दल म्हटलं की त्याच्या घरचं सगळंच बिनसलं असा अर्थ. आणि "आता जरा भरलाय" म्हटलं की समजायचं, विहिरीला पाणी लागलं, ऊस चांगला उतरला, नाहीतर पोराला नोकरी लागली. घर, गुरं, ट्रॅक्टर हे सगळं मागाहून बघायचं.

मला सुरुवातीला हसू यायचं. पण ते हसू फार दिवस टिकलं नाही, कारण मी स्वतःही त्याच पारखीवर या घरात आले होते.

माझं माहेर आटपाडीकडचं. बाजरी, मटकी आणि दारात थोडी मेंढरं, एवढाच आमचा पसारा. बहात्तरच्या दुष्काळात माझे आईवडील खडी फोडायला जात. संध्याकाळी वडील अंघोळीला बसले की मी तिकडे बघायचीच नाही, त्यांची पाठ बघवत नसे. आमच्याकडे पोट सुटलेला माणूस दिसला तर तो बाहेरगावचा असणार हे न विचारता कळायचं. दुष्काळ सरला आणि मला सांगली जिल्ह्यातलंच, पण नदीकाठचं, उसाच्या पट्ट्यातलं स्थळ आलं. मुलगा फौजेत. वडील घर बघून आले आणि चपला काढायच्या आधीच आईला म्हणाले, "लय मोठं घर हाय. थोरल्या दिराचं पोटच बघाय पायजे हुतंस तू! पोरगी उपाशी न्हाई मरायची."

त्या पोटाची ही हकीकत आहे.

थोरल्या दिरांना आम्ही सगळे दादा म्हणायचो, त्यांची लेक तेवढी आबा म्हणायची. सासू-सासरे मी यायच्या आधीच गेलेले. घरात दादा, जाऊबाई, त्यांची एकुलती एक मुलगी आणि मी. जाऊबाईंना मी आक्का म्हणत असे. माझे यजमान वर्षातून एकदा रजेवर यायचे, तेव्हा तेही पाहुण्यासारखेच. दादा स्वतः फौजेतून हवालदार होऊन परतलेले. ते परतले आणि नदीवरून पाणी उचलायची योजना झाली, जिरायत रानात ऊस उभा राहिला. त्यांच्या वडिलांचा जन्म दुसऱ्याच्या गुऱ्हाळावर चुलवाणात जळण घालण्यात गेला होता. गूळ दुसऱ्याचा आणि धग यांची. त्यामुळे दादांचं पोट सुटायला लागलं तेव्हा घरात सण असल्यासारखं झालं असणार. मी आले तोवर त्या पोटाची चांगलीच ख्याती झाली होती.

दादांच्या कमरेला चांदीचा करदोडा होता. तो तोकडा पडला की आक्का सांगलीला सराफाकडे जाऊन त्यात कड्या घालून आणायच्या, आणि परत येताना एसटीत जी बाई शेजारी बसेल तिला ते सांगायच्या. तक्रारीच्या सुरात सांगायच्या, पण ती तक्रार नव्हती हे ऐकणारीला बरोबर कळायचं. "काय करायचं बाई, सारखाच आखूड पडतोय." दादा मात्र स्वतःच्या पोटाची चेष्टा करायचे. सोप्यातल्या बाजेवर बसले की पोटावर थापटी मारून म्हणायचे, "ह्यो माझा धाकटा भाऊ. खायला मी, वाढायला ह्यो." मोठा मोकळा माणूस. माझ्यासमोर बोलताना भिंतीकडे बघून बोलत, धाकट्या भावजयीचा मान म्हणून. पण बोलत मायेनं. माझ्या वडिलांना त्यांनी आपल्या रानातला त्या वर्षीचा पहिला गूळ पाठवला होता, आणि तो पाठवल्याचं मला सांगितलंही नव्हतं.

दारूला ते शिवले नव्हते. फौजेत आपल्या वाटणीची रम ते दुसऱ्याला द्यायचे आणि त्याच्याकडची अंडी घ्यायचे. ही गोष्ट ते इतक्या वेळा सांगत की आम्हाला ती पाठ झाली होती.

माझ्या लग्नाला दोन-तीन वर्षं झाली असतील. ताट वाढणं माझ्याकडे होतं, म्हणून मला आधी जाणवलं. पोट वाढत होतं आणि जेवण कमी होत होतं. अर्धी भाकरी खाऊन ते पाण्याचा तांब्या तोंडाला लावत, "बास, भरलं." आक्का जबरदस्तीनं वर तूप सोडायच्या. हात धुवायला त्यांनी बाही वर केली की काटकीसारखा दंड दिसायचा. असा दंड मी माहेरी खूप बघितला होता. माहेरी कुणी मेंढरू विकत घेताना पोट बघून घेत नसे, पाठीवरून हात फिरवून घेत असे, कारण पोट कशानंही फुगतं. हे मनात आलं की मी स्वतःलाच रागे भरायची. ज्या माणसानं आपल्याला लेकीसारखं वागवलं त्याला मेंढराच्या मापानं कसं बघायचं?

दिवाळी झाली आणि पुतणीला रहिमतपूरचं स्थळ आलं. मुलगा साताऱ्याला सरकारी नोकरीत, घरची बागायत, शिवाय आल्याची आडत. बघायला माणसं आली ती गाडी भरून. मुलगी बघून झाली, पोहे झाले, गोठा बघून झाला. दादा बाजेवर बसले होते, नवीन मांजरपाटाचा सदरा पोटावर ताणलेला. मुलाचे मामा गोठ्यातून परत आले, दादांच्या समोर बसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "घर सुखी हाय. दिसतंयच की." सगळे हसले. मुलाचे वडील मात्र मोजकं बोलणारे. त्यांनी फक्त विचारलं, "वैशाखात जमंल का?" सुपारी फुटली. आक्कांनी आत येऊन मला मिठी मारली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच.

साखरपुड्याची साडी घ्यायला आम्ही तिघं सांगलीला गेलो. कापड दुकानाच्या पायऱ्या चढताना दादा तिसऱ्या-चौथ्या पायरीवर मटकन बसले. तोंड उघडं, श्वास वरच्या वर. आक्का पदरानं वारा घालायला लागल्या. दुकानदार भला माणूस, त्यानं पाणी दिलं, टांगा बोलावला आणि विश्रामबागेतल्या एका डॉक्टरांकडे जायला सांगितलं.

डॉक्टर तरुण होता. त्यानं दादांना झोपवलं, पोटावर बोटं ठेवून त्यांवर बोटांनी टकटक केली, मग कुशीवर वळवलं आणि परत टकटक केली. मग हात धुतले आणि टॉवेलला पुसत विचारलं, "किती वर्षं पिताय?"

दादांना कळलंच नाही. "काय, सायेब?"

"दारू."

"मी? मी न्हाई वो. फौजेत सुदीक कवा शिवलो न्हाई."

डॉक्टरनं आक्कांकडे बघितलं, म्हणजे खरं काय ते बायको सांगेल अशा नजरेनं. आक्का चार माणसांत मोठ्यानं न बोलणारी बाई. पण त्या दिवशी बाहेर बसलेल्यांनाही ऐकू गेलं असेल. "आवं, ह्यांच्या वाटची रम ह्ये दुसऱ्याला द्यायचं आन् त्याची अंडी खायाचं! इचारा कुणाला बी!"

कुणाला विचारणार होता बिचारा! तो जरा वरमला. मग त्यानं खुर्ची पुढे ओढून नीट चौकशी केली. कधी कावीळ झाली होती का? झाली होती. फौजेत असताना, सरहद्दीवर. तिथल्या दवाखान्यातून उठले, रजेवर घरी आले, इथे गावातल्या एका म्हातारीनं चुन्याच्या पाण्यानं हात धुऊन कावीळ उतरवली, पाणी पिवळं झालेलं सगळ्यांनी बघितलं, आणि रजा संपल्यावर दादा परत कामावर गेले. डॉक्टर म्हणाला, ती वरून गेली, आतून गेलीच नाही. इतकी वर्षं ती लिव्हर खात बसली. आता लिव्हर आकसून घट्ट झालंय आणि त्यामुळे पोटात पाणी साठलंय.

"पाणी?" आक्का म्हणाल्या. "पाणी कसं आसंल, डाक्टर? ते सुखाचं हाय."

डॉक्टर हसला नाही याबद्दल मी त्याला आजही दुवा देते. त्यानं शांतपणे सांगितलं, मीठ पूर्ण बंद. लघवी होण्याच्या गोळ्या रोज घ्यायच्या. आणि आठवड्याच्या आत दवाखान्यात दाखल व्हायचं, सुई घालून पाणी काढावं लागेल. लिव्हर पहिल्यासारखं होणार नाही, पण सांभाळलं तर माणूस राहील. नाही सांभाळलं तर पाणी छातीपर्यंत येईल, आणि एकदा ते आत बिघडलं की मग कुणाच्या हातात काही नाही.

एसटी स्टँडवर बाकावर बसलो. साडी घ्यायची राहूनच गेली होती. दादा समोरच्या गाड्यांकडे बघत बोलायला लागले, कुणाशी म्हणून नाही.

"पाणी काढलं तर म्या असा काटकुळा दिसणार. रहिमतपूरवालं म्हणतील, वाळला, म्हंजी बुडाला. आन् खरं सांगावं, लिव्हर गेलंय म्हणून, तर म्हणतील प्याला. फौजी माणूस, वरनं उसाचा पैसा. कोन इस्वास ठिवंल? त्या डाक्टरानं तरी ठिवला का आदी?"

"मग?" आक्का म्हणाल्या.

"मग काय. पोरीचं लगीन हुईस्तवर ह्ये पोट मला लागतंय. वैशाखात अक्षता पडू द्यात, दुसऱ्या दिवशी हितं यिऊन झोपतो. काढा म्हनावं किती काढायचं त्ये."

मला इतका राग आला की कान तापले. कुणाचा राग ते मात्र कळेना. दादांचा म्हणावा तर ते म्हणत होते त्यात खोटं काही नव्हतं. त्या सोयरिकीत मुलीपेक्षा त्यांच्या पोटाकडे जास्त बघितलं गेलं होतं, हे मीही पाहिलं होतं. आणि ज्या बापानं लहानपणी दुसऱ्याच्या गुळाचा फक्त वास घेतला, त्याला "बुडाला" हा शब्द किती लागत असेल ते ज्याचं त्यालाच माहीत.

घरी आलो आणि गुपित सुरू झालं. मी मागच्या चुलीवर दादांची भाजी वेगळी करायची, मिठाशिवाय. ती खाताना त्यांचं तोंड बघवत नसे, पण तक्रार केली नाही. गोळ्या सुरू झाल्या आणि त्यांनी काम केलं. दादा सारखे लघवीला जायला लागले, सदरा सैल झाला, श्वास सुधारला. मला वाटलं, देव पावला. तेवढ्यात शेजारची म्हातारी दारातून जाताना थांबली आणि सहज म्हणाली, "दादा उतरलं की गं! बरं हाय न्हवं समदं?"

त्या एका वाक्यानं घात केला. दादांनी गोळ्या बंद केल्या.

आक्का रोज सकाळी गोळी आणि पाणी घेऊन त्यांच्या पुढे उभ्या राहायच्या. दादा नको म्हणून मान हलवायचे. आक्का गोळी परत कागदात गुंडाळून कनवटीला लावायच्या. त्या वेळी त्यांच्या तोंडाकडे बघितलं की कळायचं, ही बाई एकाच वेळी सुटल्यासारखी आणि बुडाल्यासारखी झाली आहे. लोक नंतर आक्कांना खुळी म्हणाले. खुळी मुळीच नव्हती ती. तिच्या पुढ्यात नवरा आणि लेक असे दोघं उभे केले होते आणि यातलं एक निवड म्हणून सांगितलं होतं.

पोट पुन्हा भरलं, आणि या वेळी आधीपेक्षा जास्त. दादांना आडवं होता येईना. भिंतीला टेकून बसल्या बसल्या डोळे मिटायचे. पायावर वहाणेचे पट्टे रुतून राहायचे. गावात मात्र सगळं छान चाललं होतं. "लेकीचं लगीन ठरलं, दादाला मानवलं," असं लोक म्हणत होते.

पुतणी एकोणीस-वीस वर्षांची, डोळस पोरगी. एक दिवस ओढ्यावर धुणं धूत होतो. तिनं बापाचा सदरा पिळला आणि तसाच हातात धरून मला विचारलं, "काकी, आबांस्नी काय झालंय? खरं सांग." मी सांगितलं. सगळं सांगितलं, डॉक्टर, लिव्हर, पाणी, गोळ्या, बाकावरचं बोलणं. शपथ घातली नव्हती कुणी मला, आणि घातली असती तरी मी सांगितलंच असतं. ती रडली नाही. तिनं तो सदरा दगडावर असा आपटला की बटण तुटलं.

संक्रांत जवळ आली होती. कासार बांगड्या भरायला आला. लग्न ठरलेली मुलगी म्हणून पहिला मान पुतणीचा. सोप्यात घोंगडं अंथरलं, शेजारच्या चार बायका जमल्या, कासारानं पेटी उघडून हिरव्या बांगड्यांचा गुच्छ काढला आणि हात पुढे केला. पोरीनं दोन्ही मुठी पदरात घट्ट धरल्या.

"हात दे की गं," आक्का म्हणाल्या.

"आबा दवाखान्यात गेल्याबिगर म्या हात फुडं करायची न्हाई."

बाजेवर बसलेले दादा भिंतीपासून पुढे झाले. "खुळी का काय तू? चारचौघांत काय बोलतीस?"

"चारचौघांतच बोलनार. पोटात पाणी झालंय तुमच्या. लिव्हर गेलंय. घरात समद्यास्नी ठावं हाय, म्या एकलीच खुळी."

"अगं, लगीन मोडंल!"

"मोडू द्या. तुमी न्हाईसा तर कन्यादान कोन करनार हाय? त्ये पोट?"

बायका पदर तोंडाला लावून बसल्या. कासार बांगड्या हातात धरून तसाच. दादांनी माझ्याकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं, भिंतीकडे नाही. मला वाटलं, आता काही खरं नाही आपलं. पण ते एवढंच म्हणाले, "आटपाडीचं मानूस गप बसत न्हाई." आणि त्यांच्या ओठाच्या कडेला हसू आलं, दमलेल्या माणसाला येतं तसं.

दुसऱ्या दिवशी दादा सांगलीला दाखल झाले. पाणी काढताना मी बाहेर होते, पण नंतर बादली नेताना बघितली. ताकावरच्या निवळीच्या रंगाचं पाणी, आणि एका माणसाच्या पोटात एवढं मावतं यावर विश्वास बसू नये इतकं. वाढतं पोट म्हणून आम्ही ज्याचं कौतुक केलं ते हे होतं. दादा मात्र कित्येक रात्रींनी पाठ टेकून, आडवे होऊन झोपले होते. आक्का उशाशी बसून त्यांच्या त्या बारीक दंडावरून नुसता हात फिरवत होत्या.

घरी आणलं तेव्हा गाडीतून उतरणारा माणूस दुसराच कुणी वाटत होता. गालाची हाडं, खोल डोळे, गळ्यात अडकवल्यासारखा सदरा. आणि मग लोकांची तोंडं सुटली. कासार गावोगाव फिरणारा, त्याची पेटी आणि बातम्या एकाच वेळी उघडत. चौकातल्या चहाच्या दुकानात निकालही लागला. निम्मे म्हणाले, दादा कर्जात बुडाला म्हणून झिजला. उरलेले म्हणाले, छे, चोरून पीत होता, अंड्याची गोष्ट उगाच का सांगायचा सारखी?

माझा एक चुलता माहेरी असाच पोट फुगून गेला होता. त्याला कुणी दारुडा म्हटलं नाही. पोटाला नीट मिळालं नाही, उपासानं झालं, असं म्हणून सगळे हळहळले. त्याला कुणी तपासलंच नव्हतं. म्हणजे फुगलेलं पोट सारखंच, पण कोरडवाहूचं लिव्हर उपासानं जातं आणि बागायतदाराचं दारूनं, असं लोकांनी आपलं ठरवून ठेवलेलं. डॉक्टर उगाच एवढी वर्षं शिकतात. मी त्या चहाच्या दुकानावरून जाताना तोंड फिरवून जायची. आजही त्या चौकात गेले की माझं डोकं फिरतं.

माघात एका सकाळी, काहीही निरोप न धाडता, रहिमतपूरचे पाहुणे आले. मुलाचे वडील, एकटेच, एसटीनं. मी त्यांना फाटकातून येताना बघितलं आणि आत जाऊन आक्कांना सांगितलं. आक्का भाकरी थापत होत्या. "मोडाय आलं," त्या म्हणाल्या आणि पिठाचे हात तसेच मांडीवर ठेवून बसल्या. पुतणी उठून परड्यात निघून गेली. ती मोडू द्या म्हणाली होती खरी, पण तिनं त्या मुलाला बघितलं होतं आणि तो तिला आवडला होता. मला ते ठाऊक होतं.

पाहुण्यांनी पाय धुतले, पाणी घेतलं. "मला जरा दोगांतच बोलायचंय," म्हणाले. दादा आतल्या खोलीत खाटेवर होते. मी चहा घेऊन गेले. चहा ठेवून मी वळले तर दादा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या तिला, पावणं. तिला समदं ठावं हाय. आमच्या घरात तिच्याशिवाय कुनी खरं बोलत न्हाई." मी दार लोटून घेऊन तिथेच उभी राहिले.

मग दादांनीच सुरुवात केली. "पावणं, तुमी जे ऐकलंसा त्यातलं निम्मं खरं हाय. लिव्हर गेलंय. पन म्या आयुष्यात कवा थेंबाला शिवलो न्हाई. पोरीच्या डोक्यावर हात ठिवून सांगतो. फौजेत माझ्या वाटची रम—"

पाहुण्यांनी हात वर केला. "त्यासाटनं न्हाई आलो मी."

पाहुण्यांनी दाराकडे एकदा बघितलं, ते लागलंय याची खात्री केली. मग खाली बघत, विचारू की नको असं करत विचारलं, "तुमाला पयल्यांदा कुठं सुजलं?"

दादांना क्षणभर उमगलं नाही. मला आधी उमगलं.

"पायाला," दादा सावकाश म्हणाले. "सांजच्याला वहाण घट्ट व्हायाची."

पाहुण्यांनी खाटेच्या कडेवर पाय ठेवला आणि धोतर गुडघ्यापर्यंत वर घेतलं. पाय गोरा आणि तुळतुळीत झाला होता. दादा उठून बसले. आपला हाडकुळा अंगठा त्यांनी त्या नडगीवर ठेवला, दाबला, थोडा वेळ दाबून धरला आणि काढला. अंगठ्याएवढा खड्डा पडला. आम्ही तिघंही त्या खड्ड्याकडे बघत राहिलो. तो भरून येईना.

"कवापासनं?" दादांनी विचारलं.

"दसऱ्यापासनं. पोट बी वाढाय लागलंय. घरात म्हनत्यात, लेकाला नोकरी लागली, सुखाचं हाय."

दादांनी विचारलं, "घेता का?"

पाहुण्यांनी मान वर केली. "तुमी बी इचारताय व्हय?"

दादा ओशाळले. मग हसायलाच लागले, आणि त्यांच्यामागोमाग पाहुणेही हसले. ती हसणारी तोंडं बघून मी भिंतीकडे तोंड करून डोळे पुसले. दादांनी त्यांना सगळं सांगितलं. विश्रामबागेतला डॉक्टर, गोळ्या, मीठ, सुई किती टोचते, पाणी गेल्यावर झोप कशी लागते. इतक्या महिन्यांत जे त्यांनी सख्ख्या भावालाही कळू दिलं नव्हतं ते या परक्या माणसाला, आपल्या लेकीच्या सासऱ्याला, ते मोकळेपणानं सांगत होते. "माझ्यावानी थांबू नगा," ते म्हणाले. "उद्याच जावा. म्या संगट येतो."

पाहुणे ऐकत होते. ऐकून झाल्यावर ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पावणं, वैशाख लय लांब हाय वो."

दादांनी होकाराची मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले.

"फाल्गुनातच घिऊ," ते म्हणाले. "दोगंबी आसतोय तवर."

पाहुण्यांनी धोतर खाली सोडलं आणि चहाचा कप उचलला.